कार्ड ट्रंकेत, बाई फडात



दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात मी छापील प्रश्नावली घेऊन बसले होते. समोरच्या बाईला विचारलं, "आरोग्य कार्ड मिळालं का?" ती उठून आत गेली, पत्र्याची ट्रंक उघडली, साडीच्या घडीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून कार्ड. कोरं करकरीत, एकही घडी न पडलेलं. "जपून ठेवलंय ताई," ती कौतुकानं म्हणाली, "संगं नेलं असतं तर फडात भिजून गेलं असतं." मी 'होय'च्या चौकटीत खूण केली. पुढचा प्रश्न होता, कार्ड सुस्थितीत आहे का. तिथेही 'होय'.

रात्री मुक्कामाला आल्यावर दिवसभराची पानं चाळत होते, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ज्या पाच महिन्यांसाठी ते कार्ड काढलं होतं, ते पाचही महिने कार्ड ट्रंकेत होतं आणि बाई कोल्हापूरच्या फडात. कार्यक्रमाच्या हिशेबात मात्र दोन्ही ठिकाणी यश.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'कार्यक्रम मूल्यमापन' नावाचा एक पेपर होता. त्यात मला चांगले गुण मिळाले होते. निर्देशक कसे ठरवायचे, नमुना कसा निवडायचा, हे सगळं मला येतं. पण मोजायचं कुणाला आणि कुठे, हा प्रश्न त्या पेपरात कुणी विचारला नव्हता. या वेळच्या संपादकीयात तो विचारायचा आहे, कारण स्थलांतर करणाऱ्या कष्टकरी बायकांसाठी आज जे कार्यक्रम चालले आहेत ते बरे की वाईट, हे शेवटी असल्याच कागदांवरून ठरतं. पुढच्या वर्षीचे पैसे त्यावरून मिळतात, नाहीतर थांबतात. आणि असा एक कागद मीही लिहिला आहे.

ऊसतोडीच्या जगात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. टोळीत किती कोयते, यावर कारखान्याचा करार. मजुरी टनावर, तीही कोयत्याची. नवरा ऊस तोडतो. बायको तोडते, पाचट सोलते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पहाटे उठून भाकऱ्या तिच्याच, रात्री गाडी आली की भरायलाही तीच, आणि कोपीवर परतल्यावर पोरांचं, पाण्याचं, धुण्याचंही तिच्याकडेच. हिशेबाच्या वहीत मात्र नाव नवऱ्याचं. हंगाम संपला की उचल 'फिटली' की 'बाकी निघाली' ते मुकादम नवऱ्याला सांगतो. एखाद्या दिवशी काम चुकलं तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कोयत्यावर लागतात. म्हणजे बाईच्या पोटात दुखलं तरी दंड दोघांना. घरात त्याचा अर्थ काय होत असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

या व्यवस्थेत बाईच्या शरीराचं काय होतं ते २०१९ मध्ये उघड्यावर आलं. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जात आहेत, अशा बातम्या त्या वर्षी एप्रिलपासून येऊ लागल्या. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास होतं.

त्यानंतर सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही, आणि मी ते म्हणणारही नाही. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढायचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. जाण्याआधी आणि आल्यावर आरोग्य तपासणी, आरोग्य कार्ड या गोष्टी आल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं. २०२१ मध्ये मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं असा संकल्प. मार्च २०२३ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. त्याच्या पुढच्याच महिन्यात, दुसऱ्या एका जुन्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं सर्व राज्यांना सांगितलं की अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. ती याचिका बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या बायकांची होती. दुखणं एकट्या बीडचं नाही.

यातली एकही गोष्ट आपोआप झालेली नाही. 'मकाम'सारखा मंच, बीडमधल्या बायकांच्या संघटना, चार-दोन चिकट पत्रकार, यांनी ती करायला लावली. म्हणून त्यांचं पुढे काय झालं हे तपासणं आपलंच काम आहे. २०२५ च्या जूनमध्ये बीडच्या आरोग्य खात्याचे आकडे छापून आले, तेव्हा ऊसतोडीला जाण्याआधी गर्भाशय काढलेल्या ८४३ बायका होत्या, त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या. १५२३ जणी गरोदर असताना फडात होत्या. काहींनी यावर लिहिलं की बघा, काहीच सुधारलं नाही. काहींनी लिहिलं, पूर्वीपेक्षा कमी. मला दोन्हींतलं काहीच म्हणता येत नाही, कारण हे आकडे आणि २०१९ चे आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. एकीकडे आजवर कधीही पिशवी काढलेल्या बायका, दुसरीकडे एका हंगामाच्या तोंडावरच्या. यांची तुलना कशी करणार?

परवानगीचंच घ्या. हा नियम चांगला आहे. तो हवाच होता. पण त्याचं यश कशावरून मोजतात? जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले यावरून. अर्ज फेटाळलेल्या बाईचं पुढे काय झालं, ही कोणत्याच तक्त्यातली रकाना नाही. ती शेजारच्या जिल्ह्यात गेली असेल तर बीडच्या आकड्यात ती बरी झाली असं धरलं जातं. तिच्या अंगावरून पांढरं जातच असेल, कंबर तशीच धरली असेल, आणि गोळ्यांवर ती पुढचा हंगाम काढत असेल, तर तेही त्या आकड्यात दिसत नाही. शस्त्रक्रियेला मनाई करता येते. पण ज्या कारणासाठी बाई शस्त्रक्रियेला तयार होते, ते कारण फडावर आहे. दिवसभर उसात उभं राहायचं, बाजूला जायला आडोसा नाही, पाळीचं कापड बदलायला जागा नाही, ते धुवायला पुरेसं पाणी नाही, खाडा परवडत नाही. त्यात डॉक्टर म्हणतो, पुढे कॅन्सर होईल. लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालेलं असतं, कारण मुलाचं लग्न झाल्याशिवाय त्याचा पूर्ण कोयता होत नाही. विशीत दोन-तीन मुलं आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. मग घरातलेच म्हणतात, आता ठेवून काय करायचीय?

आता माझ्या अहवालाची गोष्ट सांगते. संस्थेचं नाव सांगत नाही, देणगीदाराचंही नाही. दोघांचाही हेतू वाईट नव्हता आणि गोष्ट त्यांच्यापुरतीही नाही. कार्यक्रम असा होता: दसऱ्याच्या सुमाराला, टोळ्या निघण्याआधी, गावोगाव बायकांची तपासणी शिबिरं घ्यायची, कार्ड द्यायचं, रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, आणि जिला गरज असेल तिला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं. मूल्यमापनाला पंधरा दिवस दिले होते, तेही मे महिन्यात, कारण तेव्हा सगळे घरी सापडतात. लग्नसराई, ऊन आणि उधारी फेडायची घाई, अशा दिवसांत आम्ही बायकांना सहा महिन्यांपूर्वीचं विचारत होतो. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता, कुटुंबप्रमुखाचं नाव.

'पुढच्या तपासणीसाठी पाठवलेल्या' बायकांची यादी आमच्याकडे होती. त्यातल्या किती जणी खरोखर दवाखान्यात पोचल्या, हा एक निर्देशक होता, आणि त्याचा आकडा फारच चांगला आला. म्हणून मला जरा शंका आली. यादीतल्या काही घरी मी प्रश्नावली न घेता पुन्हा गेले. चुलीपाशी बसले.

एकीनं सांगितलं ते असं. शिबिरातल्या डॉक्टरनं तपासून कार्डावर लिहिलं, पिशवीला सूज, पुढील तपासणी आवश्यक. गाडी यायला आठ दिवस राहिले होते. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीला जी तारीख मिळाली ती गाडी निघून गेल्यावरची. तिकडे पाच महिने या सुजेचं काय करायचं? नवरा घाबरला, सासू घाबरली. सगळे मिळून तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेले. तिथे ते कार्डच पुढे केलं. डॉक्टर म्हणाला, मोठ्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय की, काढून टाकावी लागेल, आत्ता काढा नाहीतर तिकडे जिवावर बेतेल. पैसे उचलीतून गेले. कमी पडले ते मुकादमानं दिले. पाच-सहा आठवड्यांनी ती मागाहून फडावर गेली आणि मोळी उचलायला लागली. "म्या उशिरा गेले म्हनून उचल बी फिटली न्हाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

अशा मला निदान चौघी भेटल्या. आमच्या तक्त्यात या चौघी 'संदर्भसेवा पूर्ण' या रकान्यात होत्या.

मी यावर दीड पान लिहिलं. आकडा मोठा करून सांगितला नाही, चौघीच म्हटलं. शिबिराच्या तारखा आणि गाड्या निघण्याच्या तारखा यांत अंतर किती हवं, सरकारी सोनोग्राफीची तारीख आधीच बांधून घेतल्याशिवाय कार्डावर तसा शेरा लिहू नये, असं सगळं सुचवलं. मसुदा संस्थेकडे गेला. संस्थेच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं, चहा दिला. म्हणाल्या, "तू लिहिलंयस ते खरं आहे. पण हे असंच गेलं तर वरचे लोक एवढंच वाचतील की आपल्या शिबिरामुळे ऑपरेशनं झाली. पुढच्या वर्षी शिबिर बंद. मग या बायकांना तपासणारं दुसरं कोण आहे, सांग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते दीड पान मी मुख्य अहवालातून काढलं. परिशिष्टात दोन ओळी ठेवल्या: 'वेळापत्रकाबाबत काही अडचणी आढळल्या'. अहवालाचा शेवटचा शेरा 'समाधानकारक' असा झाला. कार्यक्रमाला पुन्हा पैसे मिळाले. त्याच वर्षी दसऱ्याला शिबिरं झाली, गाड्या निघायच्या आठ-दहा दिवस आधी.

त्या बाईंवर मी रागावलेली नाही. त्यांची भीती खरी होती. मूल्यमापन म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत नापास म्हणजे शाळेतून नाव काढणार, असं असेल तर कोणती संस्था आपली चूक लिहून देईल? आपल्या चळवळीतही हे होतंच. आपण सरकारला प्रश्न विचारतो; पण आपल्याच समुपदेशन केंद्रात आलेल्या बाईचं वर्षभरानं काय झालं हे विचारायला कुणी आलं, की आपल्याला राग येतो. मात्र ती भीती खरी होती म्हणून मी केलं ते बरोबर ठरत नाही. त्या दीड पानाची गरज देणगीदाराला जितकी होती, त्याहून जास्त त्या गावातल्या बायकांना होती. अहवाल त्यांच्यापर्यंत कधी गेलाच नाही. तो इंग्रजीत होता.

एक प्रश्न पैशांचाही. कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं आहे. राज्यात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे शंभर कोटी आणि सरकारचे शंभर कोटी, निदान कागदावर. यातून बाईच्या वाट्याला काय आलं, असं विचारलं तर उत्तर येतं, योजना सर्व ऊसतोड कामगारांसाठी आहेत. बरोबर आहे. पण ऊसतोड कामगार म्हणून ग्रामसेवकाकडे नाव कुणाचं लागतं? ओळखपत्र घरटी एक की माणशी एक? आम्ही फिरलो त्या गावांत बऱ्याच घरी नवऱ्याचं होतं, बायकोचं 'नंतर करू' म्हणून राहिलं होतं. एकट्या बायकांचं, म्हणजे नवरा वारला किंवा टाकलं म्हणून भावाच्या, दिराच्या कोयत्याला जोड देऊन जाणाऱ्यांचं, तर कुठेच नव्हतं. त्यांची बाजू धरायला ना मुकादम ना ग्रामसेवक. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचा करार झाला, मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. दरवाढ हवीच होती. पण त्या बातम्यांत मी फडावरच्या संडासाचा, पाण्याचा, बाळंतपणाच्या रजेचा उल्लेख शोधत होते. मला एकही सापडला नाही. करार कोयत्याचा होता.

कायद्याचंही तसंच. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडली तरच लागू व्हायचा. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यातही स्थलांतरित म्हणजे आंतरराज्यच. धारूरची बाई बेळगावला गेली तर स्थलांतरित, सांगलीला गेली तर नाही. आणि लैंगिक छळाचं काय? २०१३ च्या कायद्याप्रमाणे असंघटित क्षेत्रातल्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. प्रकार घडला सांगलीत, समिती सांगलीत, मुकादम धारूरचा, उचल त्याचीच, आणि बाई गावी परतणार एप्रिलमध्ये. कोणत्या जिल्ह्याच्या कोणत्या समितीकडे ऊसतोड बाईची एखादी तरी तक्रार आली, एवढा एकच प्रश्न विचारला तरी कार्यक्रमाचं निम्मं मूल्यमापन होईल. माझ्या प्रश्नावलीत होतं ते हे: 'लैंगिक छळविरोधी कायद्याची माहिती दिली का? होय/नाही.'

मुलांच्या साखरशाळा आणि नंतरची हंगामी वसतिगृहं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच, की वसतिगृहात नाव असलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी प्रत्यक्षात आईबरोबर कोपीवर लहान भावंडं सांभाळत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

कुठे पाहिलं, तर फडावर. त्या अहवालाचं ओझं मनावर होतंच. आमच्या गटातल्या बैठकीत मी सगळं सांगितलं, बोलणीही खाल्ली. आणि ठरलं की आता मे महिन्यात नाही, जानेवारीतच जायचं. गेल्या जानेवारीत आम्ही चौघी सांगली जिल्ह्यात, धारूरच्याच एका टोळीच्या तळावर सहा दिवस राहिलो. पहिल्या दिवशी काहीही विचारता आलं नाही. बाईला थांबायला वेळच नसतो. हातात वही धरून उसाच्या सरीत तिच्या मागे चालणं, यासारखं लाजिरवाणं दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी वह्या ठेवून मोळ्या बांधायला लागलो. आमच्या मोळ्या सुटत होत्या आणि बायका पोट धरून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी मुकादम येऊन चौकशी करून गेला. बोलणं झालं ते रात्री, भाकरी थापताना, आणि पहाटे अंधारात चौघी-पाचजणी मिळून लांब जाताना.

तिथे जे कळलं ते गावात कधीच कळलं नसतं. रक्तवाढीच्या गोळ्या बहुतेकींनी आणल्या होत्या, पण उपाशीपोटी घेतल्यावर मळमळतं, आणि फडात मळमळून चालत नाही, म्हणून तशाच होत्या. गोळ्या 'वाटल्या' हे खरं, पण किती पोटात गेल्या हे कुणी विचारलेलं नाही. रेशन कार्ड आता कुठेही चालतं. पण घरी म्हातारी माणसं राहतात, कार्ड त्यांच्याजवळ. गरोदर बाईला जवळच्या उपकेंद्रात सांगितलं गेलं की तुमचं नाव आमच्या यादीत नाही, तुमच्या गावी दाखवा. गाव साडेतीनशे किलोमीटरवर.

आणि एक गोष्ट अशी दिसली, जिचा कोणत्याही अहवालात पत्ता नाही. त्या गावातली आशाताई दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, काम जरा सैल असतं तेव्हा, तळावर येत होती. तिच्याजवळ एक शंभर पानी वही होती, स्वतःच्या पैशांनी घेतलेली. तळावरच्या बायकांची नावं, कोण गरोदर, कुणाचं मूल किती महिन्यांचं, कुणाची डोसाची तारीख कधी, सगळं त्यात. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं? म्हणाली, "कुणी न्हाई. ह्यांची नावं माझ्या लोकसंख्येत धरत न्हाईत. पण बाळंतीण झाली तर माझ्याच हद्दीत होणार न्हवं?" कार्डापेक्षा ती वही मला मोलाची वाटली. ती बाईच्या नावानं होती, आणि बाई जिथे होती तिथे होती. या आशाताईला त्याचा मोबदला मिळायला हवा, आणि तिची वही धारूरच्या आशाताईपर्यंत पोचायला हवी. एवढं एक काम कुणी केलं तरी मी माझं 'समाधानकारक' मागे घ्यायला तयार आहे.

एप्रिलअखेर टोळी गावी परतली. अक्षय्य तृतीयेनंतर आम्ही तिथे गेलो आणि जे लिहिलं होतं ते मारुतीच्या देवळासमोर बायकांना वाचून दाखवलं, मराठीत. माझं काढून टाकलेलं दीड पानही वाचलं, नावं न सांगता. दोन ठिकाणी त्यांनी चूक काढली. खाड्याचा दंड आम्ही कमी लिहिला होता, आणि पाण्याचं अंतर मोजताना रिकाम्या हंड्यानं चाललो होतो. पुरुष लांब उभे राहून ऐकत होते. संस्थेच्या प्रमुख बाई आल्या होत्या, मागे बसल्या होत्या. त्यांनी शिबिर एक महिना आधी, पोळ्याच्या सुमारास घ्यायचं कबूल केलं. पुढच्या तपासणीच्या सरकारी तारखा आधी बांधून घेण्याबद्दल जिल्हा रुग्णालयाशी बोलणं चालू आहे. अजून लेखी काही मिळालेलं नाही.

पुढच्या जानेवारीसाठी नवी प्रश्नावली करायची आहे. ती करायला टोळीतल्याच पाच बायका बसल्या. त्यात ती ट्रंकेतल्या कार्डाची मालकीणही होती. 'कुटुंबप्रमुखाचं नाव' हा प्रश्न त्यांनी काढला नाही, म्हणाल्या, असू द्या, न्हाईतर घरी भांडण लागंल. पण त्याच्या वर एक प्रश्न घातला. हंगामात तुझ्या स्वतःच्या हातात किती पैसे आले? आणि कार्ड मिळालं का, याच्या जागी: कार्ड आत्ता कुठे आहे?

ज्या वाचक मैत्रिणी साखर कारखान्यांच्या भागात राहतात, त्यांनी आपल्या गावाजवळच्या तळाबद्दल आम्हाला जरूर लिहावं. टोळी कुठली, पाणी किती लांब, तळावर आशा किंवा अंगणवाडीताई येते का, तेवढं लिहिलं तरी पुरे. पत्र दिवाळीच्या आत पोचलं तर जानेवारीचा मार्ग त्याप्रमाणे ठरवता येईल.